प्रशस्तीतील कर्ण आणि परकाव्यातील कर्ण : त्रिपुरीच्या एका योद्ध्या राजाचे चरित्र

जबलपूर शहराच्या पूर्व कडेला रांझी आणि खमरिया या वसाहती आहेत. खमरियातील दारूगोळ्याचा कारखाना 1942 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत उभा राहिला. रांझीलगतच्या वाहन कारखान्यातून 1969 नंतर लष्कराची वाहने बाहेर पडू लागली. या शहराचे नाव युद्धसामग्रीशी जोडले जाते ते या विसाव्या शतकातील उद्योगांमुळे. परंतु शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेस भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे जे खेडे आहे, ते म्हणजे चेदिदेशीच्या कलचुरींची राजधानी त्रिपुरी. अकराव्या शतकाच्या मध्याला येथून निघालेल्या सैन्याने एका बाजूस बंगाल आणि दुसऱ्या बाजूस माळवा पादाक्रांत केला. त्या सैन्याचा स्वामी कर्ण, ऊर्फ लक्ष्मीकर्ण, याने साधारणतः 1041 ते 1073 या काळात राज्य केले. काही आधुनिक इतिहासकारांनी त्याची तुलना नेपोलियनशी केली आहे. ही तुलना फारशी उपकारक नाही. नेपोलियनच्या मोहिमांचा दिवसागणिक तपशील उपलब्ध आहे; कर्णाच्या मोहिमांचा जो वृत्तान्त हाती येतो तो बहुतांशी काव्याचा आहे, आणि त्यातही मोठा भाग त्याच्या शत्रूंच्या आश्रित कवींनी रचलेला आहे.

तुलनाच करावयाची तर ती प्राचीन ईजिप्तच्या दुसऱ्या रामसेसशी करणे अधिक बोधप्रद ठरेल. इसवी सनापूर्वी 1274 च्या सुमारास कादेश येथे रामसेस आणि हित्ती राजा मुवातल्ली यांच्यात युद्ध झाले. त्या युद्धाचे वर्णन रामसेसने अबिडॉस, लक्सर, कर्नाक, अबू सिंबेल अशा अनेक मंदिरांच्या भिंतींवर कोरविले. सैन्याने साथ सोडली असता एकट्या राजाने शत्रूचा धुव्वा उडविला, असे त्यात सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हीच बाजू ठाऊक होती. 1906 पासून तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे उत्खनन झाले, हित्ती राजांचे दप्तर उजेडात आले, आणि त्यात पराभव ईजिप्तचा झाल्याचे वाचावयास मिळाले. पुढे उभय राज्यांत जो तह झाला त्याच्या दोन्ही प्रती आज उपलब्ध आहेत, आणि प्रत्येक प्रत तहाची याचना प्रतिपक्षाने केली असे सुचविते! ईजिप्तच्या बाबतीत प्रतिपक्षाचा आवाज ऐकण्यासाठी अभ्यासकांना शतकानुशतके वाट पाहावी लागली. कर्णाच्या बाबतीत परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे प्रतिपक्षाचे आवाज एवढे आहेत, आणि वाङ्मयीन दृष्ट्या एवढे समर्थ आहेत, की त्यांच्या गर्दीत खुद्द त्रिपुरीचा आवाज क्षीण वाटावा.

कर्णाचा पिता गांगेयदेव हाही पराक्रमी राजा होता. त्याने विक्रमादित्य ही पदवी धारण केली आणि लक्ष्मीच्या प्रतिमेची सुवर्णनाणी पाडली. 1034 साली गझनीच्या सैन्याने वाराणसीवर जी धाड घातली तिचे वर्णन करताना बैहकी हा फारसी इतिहासकार ते नगर 'गंग' राजाचे असल्याचे सांगतो. गांगेयाचा अंत प्रयाग येथे झाला. अक्षय्य वटाच्या मुळाशी, शंभर राण्यांसह त्याला मुक्ती मिळाली, असे त्याच्या नातवाचा ताम्रपट सांगतो. या शंभर राण्यांचा आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. त्याच्या प्रथम वर्षश्राद्धाच्या निमित्ताने 1042 साली कर्णाने दिलेले दान वाराणसीच्या ताम्रपटात नोंदविले आहे. कर्णाच्या राज्यारोहणाचा काळ ठरविण्यास हा ताम्रपट फार महत्त्वाचा. या व अशा सर्व लेखांचे चिकित्सक संपादन वा. वि. मिराशी यांनी 1955 साली प्रसिद्ध केले. नागपूरच्या या व्यासंगी पंडिताच्या कार्यावाचून त्रिपुरीच्या राजवंशाचा सुसंगत इतिहास लिहिणे अशक्य झाले असते.

कर्णाने स्वतःविषयी काय सांगितले? त्याच्या बिरुदावलीत दोन गोष्टी नव्या आहेत. एक म्हणजे 'अश्वपति-गजपति-नरपति-राजत्रयाधिपती' ही पदवी. अश्वदळाचा, गजदळाचा आणि पायदळाचा असे जे तीन स्वामी कल्पिले होते, त्या तिघांचेही आधिपत्य त्याने स्वबाहुबलाने मिळविले, असा तिचा आशय. दुसरी म्हणजे 'वामदेवपादानुध्यात' हे विशेषण. हा वामदेव कलचुरी घराण्याचा मूळ पुरुष की एखादा शैव आचार्य, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. याखेरीज काशीत त्याने कर्णमेरू नावाचे उत्तुंग मंदिर बांधले आणि ब्राह्मणांसाठी कर्णावती ही वसाहत स्थापिली. राजा परममाहेश्वर असला तरी त्याच्या राज्यातील सारनाथ येथे 1058 साली मामका नावाच्या महायानी उपासिकेने 'अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता' या ग्रंथाची प्रत लिहवून घेतली, आणि तशी नोंद शिलेवर कोरविताना कर्णाचा राज्यकाल दिला. विजयांच्या जयघोषात ही लहानशी नोंद सहज हरवून जाते. परंतु वाराणसीचा परिसर कर्णाच्या ताब्यात खरोखर होता याचा पुरावा म्हणून कित्येक प्रशस्तिश्लोकांपेक्षा तिचे मोल अधिक आहे. मामकेला राजाची स्तुती करावयाची नव्हती. तिला केवळ काळ नोंदवावयाचा होता.

पूर्वेकडील मोहिमांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा लागतो. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात पैकोर येथे कर्णाचा स्तंभलेख सापडला आहे. तेव्हा त्याचे सैन्य तेथवर पोहोचले होते, यात शंका नाही. तिबेटी परंपरेनुसार पाल राजा नयपाल आणि पश्चिमेकडील 'कर्ण' राजा यांच्यातील युद्ध आचार्य अतीशाने मध्यस्थी करून थांबविले. तथापि अतीशाने विक्रमशिला सोडली ती 1040 च्या सुमारास, आणि कर्ण गादीवर आला 1041 मध्ये. म्हणजे एक तर ते युद्ध गांगेयाच्या कारकीर्दीत युवराज कर्णाने चालविले असावे, किंवा परंपरेने पित्याच्या जागी अधिक प्रसिद्ध पुत्राचे नाव घातले असावे. पुढे नयपालाचा पुत्र तिसरा विग्रहपाल याने कर्णाला जिंकले व त्याची कन्या यौवनश्री हिच्याशी विवाह केला, असे संध्याकरनंदीच्या 'रामचरिता'वरील टीका सांगते. दुसरी कन्या वीरश्री वंगदेशीच्या वर्मन घराण्यातील जातवर्म्याला दिली होती. कादेशनंतर कित्येक वर्षांनी हित्ती राजकन्या रामसेसच्या अंतःपुरात आली, तो प्रसंग ईजिप्तमध्ये राजाचा विजय म्हणून कोरला गेला. त्रिपुरीच्या कन्या मात्र परघरी गेल्या, आणि ती घटना कन्या घेणाऱ्यांच्या दप्तरात विजय म्हणून जमा झाली. जिंकलेल्याला कन्या देऊन मित्र करणे हेही राजनीतीचेच अंग होते; पण प्रशस्तिकाराच्या हिशेबात मैत्रीला रकाना नसतो.

माळव्याच्या बाबतीत कर्णाचे यश निर्विवाद मानले जाते. गुजरातचा चौलुक्य भीम याच्याशी संगनमत करून त्याने भोजाच्या धारानगरीवर स्वारी केली, आणि 1055 च्या सुमारास, त्या धामधुमीतच भोजाचा अंत झाला. मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या आरंभी 'प्रबंधचिंतामणी'त या वैराची जी कथा दिली आहे ती मोठी रोचक आहे. कर्णाच्या मातेने शुभ मुहूर्त येईतो प्रसव रोखून धरला आणि त्यात तिचा प्राण गेला. पुढे कर्णाने भोजाला मंदिर बांधण्याच्या स्पर्धेचे आव्हान दिले. इतिहास म्हणून या कथेला अर्थ थोडा. परंतु अडीच शतकांनंतर गुजरातमधील एका जैन ग्रंथकाराला चेदीच्या राजाची जन्मकथा सांगावीशी वाटली, ही गोष्टच कर्णाच्या कीर्तीचा विस्तार दाखविते. लुटीच्या वाटणीवरून भीम आणि कर्ण यांचे पुढे बिनसले, आणि भीमाच्या दूताने कर्णाकडून भोजाची सुवर्णवस्तू मिळविली, असे गुजरातचे ग्रंथकार सांगतात. कर्णाचा पराभव सांगण्याची हौस येथेही लपत नाही.

या पराभवकाव्यांत एक प्रतिमा वारंवार भेटते, आणि तिच्याकडे तौलनिक अभ्यासकांनी लक्ष देणे अगत्याचे आहे. ती म्हणजे समुद्राची. नागपूरच्या संग्रहालयातील परमारांचा शिलालेख, जो 1104–05 सालचा आहे, भोजानंतर कर्णाने कर्णाटकांसह माळव्यावर आणलेल्या संकटाला समुद्राची उपमा देतो. त्यात बुडालेली पृथ्वी उदयादित्याने आदिवराहाप्रमाणे वर काढली. (हा कर्ण चेदीचा की त्याच नावाचा चौलुक्य राजा, असा प्रश्न काहींनी उपस्थित केला आहे, कर्णाटकांचा सहभाग ध्यानात घेता चेदीच्या कर्णाचा पक्ष अधिक बळकट दिसतो.) महोब्याच्या खंडित लेखात चंदेल राजा कीर्तिवर्मा पुरुषोत्तमाप्रमाणे या समुद्राचे मंथन करतो. 'लक्ष्मीकर्ण' या नावातच लक्ष्मी असल्यामुळे मंथनातून लक्ष्मी लाभण्याचा श्लेष कवीला आयताच मिळाला. अजयगढच्या लेखात कीर्तिवर्मा अगस्त्य होतो आणि कर्णरूपी समुद्र पिऊन टाकतो. परस्परांशी संबंध नसलेल्या, निदान परस्परांचे मित्र नसलेल्या, दोन दरबारांतील कवींना एकाच राजासाठी एकच रूपक सुचावे, हा निव्वळ संकेताचा भाग मानून सोडून देता येणार नाही. समुद्र हे सैन्याचे रूढ उपमान आहे, हे खरे. पण समुद्राला जिंकण्यासाठी वराह, पुरुषोत्तम किंवा अगस्त्य व्हावे लागते. ज्या शत्रूसाठी अवतार घ्यावा लागला त्याच्या सामर्थ्याची ती अनिच्छेने दिलेली कबुलीच होय. या दृष्टीने शत्रूच्या प्रशस्तीत कर्ण स्वतःच्या प्रशस्तीपेक्षा मोठा दिसतो.

कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकात या रूपकाची पुढची पायरी आढळते. हे नाटक कीर्तिवर्म्यासमोर, त्याचा सेनानी गोपाल याच्या सूचनेवरून प्रयोगित झाले. कर्णाने चंदेलांचे राज्य उद्ध्वस्त केले होते; गोपालाने कर्णाला जिंकून कीर्तिवर्म्याला पुन्हा गादीवर बसविले, ही हकिगत प्रस्तावनेत येते. येथेही समुद्रमंथन आहेच, परंतु मंथन करणारा गोपाल आहे. महोब्याच्या लेखात त्याचे नावही नाही. एकाच विजयाचे श्रेय नाटकात सेनानीला आणि शिलालेखात राजाला मिळाले, यातून दरबारी वाङ्मयाचा व्यवहार कसा चालतो ते उघड होते. याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रस्तावनेत सूत्रधार विवेकाने मोहाला जिंकून प्रबोधाचा उदय घडविणे आणि गोपालाने कर्णाला जिंकून कीर्तिवर्म्याचा उदय घडविणे, यांची जोडी लावतो. या एका उपमेने कर्ण इतिहासातून उचलला जाऊन महामोहाच्या आसनावर बसला. नाटकाचा पुढील प्रवास मोठा आहे. केशवदासाच्या 'विज्ञानगीते'मागे त्याची प्रेरणा आहे, आणि जोधपूरच्या जसवंतसिंहाने ते ब्रजभाषेत आणले. विवेक आणि मोह यांचे युद्ध वाचकांच्या पिढ्यांनी आत्म्याचे युद्ध म्हणून वाचले. त्या रूपकाच्या तळाशी नर्मदाकाठच्या एका राजाची खरी स्वारी आहे, हे वेदान्ताच्या वाचकाला आठवण्याचे कारणच उरले नाही.

बिल्हणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. काश्मीरहून निघालेला हा कवी मथुरा, कनौज, प्रयाग, वाराणसी करीत कर्णाच्या आश्रयास आला. 'विक्रमांकदेवचरिता'च्या अठराव्या सर्गात तो कर्णाला कालंजरगिरीच्या स्वामीचा काळ म्हणतो आणि त्याच्या सभेतील गंगाधर नावाच्या कवीला आपण जिंकल्याचे अभिमानाने सांगतो. परंतु याच काव्याच्या पहिल्या सर्गात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने कर्णाचे सामर्थ्य पूर्णतः नष्ट केले, असेही तो सांगून बसला आहे. बिल्हणाला कृतघ्न म्हणण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. पहिला सर्ग आश्रयदात्याच्या पित्याचा आहे, तेथे कवी वेतनाला जागतो. अठरावा सर्ग त्याचा स्वतःचा आहे, आणि तेथे त्याला जिंकलेल्या गंगाधराची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी तरी कर्णाची सभा थोर ठेवावीच लागते. एकाच ग्रंथात एकच राजा दोन प्रयोजनांसाठी दोन रूपांत येतो. जर्मन पंडित ब्यूलर यांना या काव्याची पोथी 1874 साली जैसलमेर येथे मिळाली आणि पुढील वर्षी मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ते प्रसिद्ध झाले. तोवर कर्णाच्या सभेचे हे चित्र विद्वज्जनांना अपरिचितच होते. लोकभाषेच्या बाजूने पाहिले तर 'प्राकृतपैंगलम्' या छंदोग्रंथातील काही उदाहरणपद्ये कर्णाच्या पराक्रमावर आहेत. वृत्ते शिकविण्यासाठी का होईना, त्याचे नाव तेथे टिकले.

1073 च्या सुमारास कर्णाने स्वहस्ते पुत्र यशःकर्ण याला राज्याभिषेक केला. यशःकर्णाची माता आवल्लदेवी ही हूण कुळातील होती. पित्याने मिळविलेले पुत्राला राखता आले नाही. उदयादित्याचा पुत्र लक्ष्मदेव त्रिपुरीवर चालून आला आणि त्याच्या हत्तींनी रेवेच्या पाण्यात जलक्रीडा केली, असे नागपूरचाच शिलालेख सांगतो.

कर्णाच्या दिग्विजयाचा सर्वांत प्रसिद्ध श्लोक त्याच्या हयातीतला नाही. तो भेडाघाटच्या 1155 सालच्या शिलालेखात येतो. शशिधर कवीने त्यात पांड्य, मुरल, कुंग, वंग, कलिंग, कीर आणि हूण यांची कर्णासमोर झालेली दैना मोठ्या चातुर्याने वर्णिली आहे. कीर म्हणजे कांगड्याकडील लोक आणि कीर म्हणजे पोपट, हा श्लेष त्यात आहे. पोपट म्हटल्यावर पिंजरा आलाच. ज्या हूणांचा आनंद कर्णाने हरपला असे येथे म्हटले आहे, त्यांच्याच कुळातील कन्या त्याची राणी होती, याचा विसर कवीला पडला, किंवा पाडावा लागला. नामावलीतील किती देश कर्णाने प्रत्यक्ष पाहिले असतील हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कारण पणतूच्या राज्यात ही नामावली भूगोलाची उरलेली नव्हती. हा लेख कोरविला कर्णाचा नातू गयकर्ण याच्या विधवेने, अल्हणदेवीने. तिने शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा बांधली, त्या प्रसंगाचा तो आहे. लेखात तिची वंशावळही दिली आहे. पिता मेवाडचा गुहिल विजयसिंह, माता श्यामलदेवी, आणि श्यामलदेवीचा पिता माळव्याचा उदयादित्य. ज्या उदयादित्याने वराह होऊन पृथ्वी कर्णसमुद्रातून वर काढली, त्याच्याच नातीने कर्णाची ही कीर्ती दगडावर उतरविली.

त्या दगडाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. फिट्झएडवर्ड हॉल यांनी लेखाचे वाचन केले आणि शिला अमेरिकेत, न्यू हेवन येथील प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात गेली. तेवरलगत कर्णबेल नावाचे जे भग्नावशेष आहेत आणि जे कर्णाच्या नगरीचे समजले जातात, तेथील घडीव दगड एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या बांधकामासाठी ठेकेदारांनी गाड्या भरभरून वाहून नेले.