पूर्णवेळ म्हणजे किती वेळ?

परभणी जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही झोपेच्या विज्ञानावर बोलत होतो. बोलणे संपल्यावर बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "माझी मावसबहीण डॉक्टर आहे. तिला एम.डी. करायचे आहे, पण मूल लहान आहे. अर्धवेळ एम.डी. करता येते का?" आम्ही म्हणालो, "नाही, नियमात तशी सोय नाही." तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "का नाही?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे नीट देता आले नाही. परत आल्यावर शोध घेतला, तेव्हा ध्यानात आले की हे उत्तर वैद्यकशास्त्रात कमी आणि इतिहासात जास्त सापडते. तो इतिहास येथे थोडक्यात मांडत आहोत.

रेसिडेंट कोण?

एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. किंवा एम.एस.साठी तीन वर्षे रुग्णालयात राबणाऱ्या डॉक्टरला आपण 'रेसिडेंट' किंवा 'निवासी डॉक्टर' म्हणतो. मराठवाड्याला हा शब्द जुना आहे, पण वेगळ्या अर्थाने. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबादच्या दरबारी इंग्रजांचा जो वकील बसे, त्याला 'रेसिडेंट' म्हणत. कोठी भागातील त्याच्या वाड्यात १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले. निजामाच्या राज्यातील आधुनिक वैद्यकशिक्षणही या रेसिडेन्सीशी जोडलेले होते. १८४६ साली हैदराबादेत वैद्यकशाळा निघाली, तिचे पहिले प्रमुख रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन होते.

मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली, औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर). पुढे १९७०च्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला महाविद्यालये निघाली. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेऊन सुरू झाले. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला डॉक्टर होण्यासाठी आता जिल्हा सोडावा लागेलच असे नाही. पण डॉक्टर झाल्यानंतरची वाट ज्या नियमांनी आखलेली आहे, त्यांचे मूळ फार दूर आहे.

बाल्टिमोरचे ब्रह्मचारी

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तेथील शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड यांनी तरुण शल्यचिकित्सक घडवण्याची एक पद्धत बसवली. जर्मनीतील मोठ्या प्राध्यापकांकडे साहाय्यक वर्षानुवर्षे कसे शिकतात, हे त्यांनी पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यांनी शिष्यांना रुग्णालयातच राहायला लावले. दिवस असो की रात्र, हाक आली की हजर व्हायचे. शिष्य अविवाहित असणे अपेक्षित होते. शिक्षण किती वर्षांत संपेल हेही ठरलेले नसे. गुरूंना वाटेल तेव्हा ते संपे. रुग्णालयात 'रिसाइड' करणारा, म्हणजे वस्तीला असणारा, तो 'रेसिडेंट'.

या पद्धतीने उत्तम शल्यचिकित्सक घडवले, हे मान्य केलेच पाहिजे. त्यापूर्वी कोणाच्या हाताखाली काही महिने उमेदवारी केली की शस्त्र हाती येत असे. हॉलस्टेड यांनी त्याला शिस्त आणली. शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजेही त्यांच्याच विभागातून प्रचारात आले.

पण याच हॉलस्टेड यांच्या चरित्राला दुसरी बाजू आहे. १८८४ च्या सुमारास कोकेन हे बधिरीकरणासाठी कसे वापरता येईल याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि त्याचे त्यांना व्यसन जडले. त्यावरचे उपचार करून घेताना ते मॉर्फीनमध्ये अडकले. दरवर्षी ते बरेच महिने रुग्णालयापासून दूर राहत. शिष्यांसाठी चोवीस तासांचा नियम घालणारा गुरू स्वतः चोवीस तासांचा नव्हता.

नियम कोणाला समोर ठेवून केला गेला, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एकटा, तरुण, निरोगी पुरुष. त्याचे जेवण, कपडे, खोली सांभाळायला रुग्णालय होते. मूल सांभाळायचे असेल, घरी आजारी सासू असेल, स्वतःलाच आजार असेल, अशी व्यक्ती त्या चित्रात नव्हतीच.

गुरू अर्धवेळ, शिष्य पूर्णवेळ

आता मुंबईकडे येऊ. १९२६ साली परळला के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. येथे पात्र भारतीय डॉक्टरांनाच नेमावे, ही देणगीची अट होती. परकीय सत्तेच्या काळात ही अट मोठी होती. पण शिकवणार कोण? विसाव्या शतकाचा मोठा काळ मुंबईच्या शिक्षण-रुग्णालयांत मानद डॉक्टरांची पद्धत होती. नामांकित डॉक्टर सकाळी रुग्णालयात येत, राउंड घेत, शस्त्रक्रिया करत, विद्यार्थ्यांना शिकवत आणि दुपारनंतर आपल्या खाजगी दवाखान्यात जात. उरलेला दिवस आणि सारी रात्र रुग्णालय सांभाळत ते 'हाऊसमन' आणि 'रजिस्ट्रार', म्हणजे शिकणारे डॉक्टर.

गंमत पाहा. शिकवणारा अर्धवेळ आणि शिकणारा पूर्णवेळ! शिकवण्याचे काम अर्धवेळ चालते, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मुंबईचे कितीतरी नामवंत शल्यचिकित्सक आणि वैद्य अशा अर्धवेळ गुरूंच्या हाताखाली घडले. म्हणजे अर्धवेळ काम केल्याने विद्या पातळ होते, असा काही शास्त्रीय सिद्धांत नव्हता. रुग्णालयाला रात्री कोणीतरी लागत होते आणि ते शिकणाऱ्यांच्या रूपाने मिळत होते, एवढेच.

एक मृत्यू आणि काही प्रयोग

५ मार्च १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. ताप आणि अस्वस्थता घेऊन ती आदल्या रात्री आली होती. ती एक औषध आधीपासून घेत होती. त्याच्याशी न जुळणारे दुसरे औषध तिला दिले गेले. तिची देखभाल करणारे शिकाऊ डॉक्टर दीर्घकाळ कामावर होते आणि त्यांच्याकडे इतर अनेक रुग्ण होते. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी प्रश्न लावून धरला. परिणामी १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ८० तासांची मर्यादा साऱ्या अमेरिकेत आली. युरोपने १९९३ च्या निर्देशात सरासरी ४८ तासांची मर्यादा घातली. ब्रिटनमधील शिकाऊ डॉक्टरांना ती टप्प्याटप्प्याने लागू होत २००९ मध्ये पूर्ण लागू झाली.

विज्ञान काय सांगते? १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी 'नेचर'मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात आणि डोळ्यांच्या समन्वयाची क्षमता ही रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी उतरते. २४ तास जागल्यावर ती सुमारे ०.१ टक्क्याच्या पातळीला जाते. २००४ मध्ये बोस्टनच्या अतिदक्षता विभागांतील अभ्यासात असे दिसले की २४ तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या.

पण चित्र एकरंगी नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील ११७ शल्यप्रशिक्षण केंद्रांच्या अभ्यासात, आठवड्याची मर्यादा तीच ठेवून पाळ्यांची लांबी सैल केली, तरी रुग्णांचे नुकसान वाढले नाही. याचे एक कारण असे की पाळी बदलली की रुग्णाची माहिती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाते आणि त्यात काहीतरी गळते. दमलेला डॉक्टर चुकतो, तसाच अर्धवट माहिती मिळालेलाही चुकतो. तेव्हा तास कमी करणे एवढ्याने भागत नाही. रुग्ण सोपवण्याची रीतही शिकवावी लागते.

ऑक्सफर्डची वाट

अर्धवेळ प्रशिक्षणाचा पद्धतशीर प्रयोग झाला तो इंग्लंडमध्ये. रोझमेरी रू या डॉक्टर बाईंना विद्यार्थिदशेत लग्न केल्यामुळे महाविद्यालय बदलावे लागले होते. पुढे रुग्णाकडून झालेल्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू झाला. १९६०च्या दशकात त्या ऑक्सफर्ड विभागाच्या रुग्णालय मंडळावर अधिकारी झाल्या. तेव्हा त्यांना आढळले की विभागात डॉक्टरांची टंचाई आहे आणि त्याच विभागात शिकलेल्या कितीतरी डॉक्टर स्त्रिया मुले लहान म्हणून घरी बसल्या आहेत. त्यांनी या स्त्रियांसाठी अर्धवेळ प्रशिक्षणाच्या जागा निर्माण केल्या. आठवड्याचे तास कमी, त्या प्रमाणात वर्षे जास्त, परीक्षा मात्र तीच. कमी दर्जाची वेगळी पदवी त्यांनी काढली नाही, हे विशेष.

तेथून ही कल्पना देशभर गेली. २०१७ मध्ये आपत्कालीन वैद्यकाच्या शिकाऊ डॉक्टरांना कोणतेही कारण न देता कमी वेळ काम करण्याची मुभा प्रायोगिक तत्त्वावर मिळाली आणि २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ती सर्व शाखांना खुली झाली. आज तेथे पुरुषही हा मार्ग घेतात. स्त्रियांची अडचण म्हणून सुरू झालेली सोय सर्वांची झाली.

आपल्याकडचे गणित

भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेने सांगितले की निवासी डॉक्टरने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम करू नये. २००० च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीने मात्र 'पूर्णवेळ निवासी' म्हणून काम आणि किमान ८० टक्के हजेरी बंधनकारक केली. पूर्णवेळ म्हणजे किती तास, हा आकडा त्यात नव्हता. २०२३ च्या नियमावलीने 'पूर्णवेळ' शब्द ठेवला आणि तासांच्या जागी 'वाजवी' हा शब्द घातला. २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर नेमलेल्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. सुचवलेला आकडाच ७४ असेल, तर प्रत्यक्षातला काय असेल याची कल्पना करावी.

हे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. उरले ११९. त्यातून ७४ वजा केले की ४५ उरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम साडेसहा. त्यात आंघोळ, जेवण, येणे-जाणे, परीक्षेचा अभ्यास आणि मूल.

आता दुसरी बेरीज. कोणी म्हणाले की मी ६० टक्केच काम करीन, तर ७४ चे ६० टक्के झाले सुमारे ४४ तास. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची कमाल घातली होती. म्हणजे आपल्या 'अर्धवेळ' निवासी डॉक्टर बाई गिरणी कामगाराइतकेच राबत असतील! आणि ४८ तासांत तीन वर्षांचे शिक्षण होते हे १९९२ ची योजना गृहीत धरत असेल, तर तेवढेच तास ७४ च्या गतीने दोन वर्षांत भरतात. मग तिसरे वर्ष कशाचे? ते मुख्यतः सेवेचे, रुग्णालयाची रात्र सांभाळण्याचे.

खरी अडचण येथेच आहे. सरकारी रुग्णालये निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर उभी आहेत. एकाने ६० टक्के काम केले तर उरलेले ४० टक्के कोण करणार? अध्यापक आणि वैद्यकीय अधिकारी आधीच अपुरे. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' संघटनेने संप केला, तेव्हा मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची पदे होती आणि वसतिगृहेही होती. ज्यांचे नावच 'निवासी', त्यांना निवासासाठी संप करावा लागला! हॉलस्टेडची सक्ती आपण उचलली, त्यांनी दिलेली खोली मात्र पुरेशी दिली नाही.

अर्धवेळ जागा द्यायच्या तर जास्त डॉक्टर नेमावे लागतील आणि त्यांना पगार द्यावा लागेल. एक जागा दोघींनी वाटून घेतली, तर ती दुप्पट वर्षे अडेल. हे प्रश्न खरे आहेत, ते झटकता येणार नाहीत. पण ते पैशांचे आणि मनुष्यबळाचे प्रश्न आहेत. त्यांना शिक्षणाच्या दर्जाचे नाव देऊ नये.

साधारणपणे पंचवीस ते तिशीच्या वयात एम.डी. होते आणि याच वयात आपल्याकडे लग्न आणि पहिले मूल होते. प्रसूतीमुळे हजेरी कमी पडली तर शिक्षणाची मुदत तेवढी पुढे जाते. म्हणजे मुदत लांबवता येते, हे आपल्या नियमांना आजही मान्य आहे. पूर्ण थांबून मग परत यावे ही मुभा आहे. हळूहळू चालत राहावे ही नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता उत्तर देऊ ते असे: "बाळ, अर्धवेळ एम.डी. होत नाही, याचे कारण शरीरशास्त्रात नाही. १८८९ साली एका रुग्णालयाने आपल्या सोयीसाठी जे ठरवले, ते आपण निसर्गनियम समजून बसलो. माणसांनी केलेला नियम माणसे बदलू शकतात. ऑक्सफर्डला एका लंगडत चालणाऱ्या बाईंनी तो बदलला." शिक्षकांना विनंती एवढीच, की हे उत्तर देताना फळ्यावर १६८ हा आकडा लिहावा आणि पुढची वजाबाकी मुलांना करू द्यावी.