बार्शीच्या वारशाच्या तीन खुणा

बार्शीच्या जुन्या वास्तूंमध्ये पहिला मान भगवंत मंदिराचा आहे, कारण विष्णूची ‘भगवंत’ या नावाने, भक्त अंबरीष राजासह होणारी पूजा अन्यत्र क्वचितच आढळते. हे मंदिर हेमाडपंती, म्हणजे चुन्याविना दगडावर दगड सांधून रचलेल्या, यादवकालाशी जोडल्या जाणाऱ्या शैलीचे मानले जाते.

तथापि बार्शीचे नाव सातासमुद्रापार नेले ते बार्शी लाइट रेल्वेने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग सुरू केला आणि इंजिनासह प्रत्येक वाहनाच्या दर आसावर पाच टनांपर्यंतच भार पडेल अशी रचना केली. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठी मालवाहतूक शक्य झाली. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला व वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांची सोय झाली.

शिक्षणाची परंपरा कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी रुजवली. १९३४ मध्ये त्यांनी स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळामुळे खेड्यांतील मुलांना शिक्षण घेता आले. मंदिराइतकेच या दोन वारशांचेही जतन बार्शीकरांनी केले पाहिजे.