सोफ्यावरचा तेलाचा डाग

आजचा भाग एका डागापासून सुरू होतो.

साताऱ्याला आमच्या घरी एक जुना सोफा आहे. मातकट रंगाचं कापड, लाकडी हात. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, डोकं टेकतं तिथे, एक गोल काळपट डाग आहे. तो आजोबांचा. सकाळी आंघोळ झाली की डोक्याला खोबरेल तेल चोपडायचं आणि त्याच कोपऱ्यात बसून पेपर वाचायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या वर्षी ते गेले. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी ठरवलं, आजीला सोफा एकदम नव्यासारखा करून द्यायचा. चार व्हिडिओ पाहिले, स्प्रे आणला आणि सुरुवात केली सीटवरच्या चहाच्या डागापासून. ब्रश घेतला आणि खसाखसा घासला. डाग तर गेला नाहीच, वाळल्यावर त्याच्याभोवती ताटाएवढं पिवळं कडं उमटलं.

आजी म्हणाली, "अरे, इंजिनियर ना तू?"

लागलं ना मनाला! मग शोधत बसलो की माणसं सोफा साफ कसा करत आली. त्यातून जे हाती आलं, ते आज सांगतो.

आधी आपल्याकडची बैठक बघा. गादी, लोड, तक्के आणि वर पांढरे अभ्रे. अभ्रा मळला की काढायचा, सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, धुवायचा. गादीला ऊन द्यायचं. कापसाचे गोळे झाले की पिंजारी यायचा, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत ही मॉड्युलर सिस्टिम. प्रत्येक भाग सुटा करता येतो, सुटा धुता येतो.

युरोपातल्या सोफ्याचं तसं नाही. तिथे कापड लाकडी सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकलेलं, आत घोड्याचे केस भरलेले. १८२०च्या दशकात त्यात स्प्रिंगा आल्या. बसायला झकास, पण कापड काढून धुता येईना. आणि ते कापडही साधंसुधं नसायचं. श्रीमंतांच्या घरी रेशीम किंवा मखमल असायची, आणि बऱ्याचदा कापडाची किंमत लाकडापेक्षा जास्त भरायची.

मग त्यांनी काय केलं? आपल्या आया करतात तेच. वर कव्हर घातलं! अठराव्या शतकात इंग्लंडच्या मोठमोठ्या घरांत महागड्या खुर्च्यांवर साध्या चौकड्याच्या कापडाची सुटी कव्हरं असायची. थॉमस चिपेंडेल हा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला फर्निचरवाला, तोही खुर्च्यांबरोबर अशी कव्हरं पुरवायचा. खरी मखमल पाहुणे येतील त्या दिवशी दिसणार. "पाहुणे आले, चादर काढ" ही ओरड फक्त आपल्याच घरातली नाही.

दुसरा शत्रू ऊन. केंटमध्ये सुझॅना व्हॉटमन नावाची एक गृहिणी होती. नवरा कागद बनवणारा प्रसिद्ध कारखानदार. तिने १७७६ पासून घरातल्या नोकरांसाठी सूचनांची वही लिहायला घेतली. त्यात कोणत्या खोलीत ऊन कधी येतं आणि तिथले पडदे कधी पाडायचे हेसुद्धा आहे. उन्हाने रंग उडतो हे तिला पक्कं माहीत होतं. पण खोल्या किती, खिडक्या किती! सूर्याबरोबर घरभर फिरायचं काम मालकिणीचं नव्हतं, मोलकरणींचं होतं. या सगळ्या इतिहासात हे विसरता येत नाही. सोफ्यावर बसणारा एक आणि तो झटकणारा दुसराच. आजही बऱ्याच घरांत सोफा रोज पुसणाऱ्या मावशी चहा प्यायला मात्र जमिनीवर बसतात.

आता तेल. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये रोलंड नावाच्या न्हाव्याने 'मकॅसर ऑइल' विकायला काढलं. आजच्या इंडोनेशियातल्या मकासर बंदराचं नाव त्याला दिलेलं. हे तेल पुरुषांमध्ये इतकं चाललं की घरोघरी खुर्च्यांच्या पाठी तेलकट झाल्या. त्यावर उपाय म्हणून बायकांनी क्रोशाचे रुमाल विणून पाठीवर टाकले. त्या रुमालाला नावच पडलं 'अँटिमकॅसर', म्हणजे मकॅसर-विरोधी! एसी चेअर कारच्या सीटवर डोक्याच्या जागी जे पांढरं कापड असतं ना, ते याच रुमालाचं नातवंड.

आणि चढलेलं तेल काढायचं कसं? जुना उपाय म्हणजे माती. लोकरीतलं तेल शोषून घ्यायला जी चिकणमाती युरोपात शतकानुशतकं वापरली, तिला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात. आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि तोंडाला लावतो. तत्त्व तेच: कोरडी पूड तेल ओढून घेते.

पण सगळ्यात चिवट गोष्ट धूळ. ती झटकली की उडते आणि फिरून तिथेच बसते. १९०१ मध्ये लंडनच्या एका थिएटरात धूळ साफ करणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं. यंत्र जोरात हवा फुंकायचं. ते बघायला ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंजिनियर गेला होता. व्हिएन्नातल्या प्रसिद्ध जायंट व्हीलच्या डिझाइनवर काम केलेला माणूस. त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी हवा ओढली तर? मग एका रेस्टॉरंटमध्ये त्याने मखमली खुर्चीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. ठसका लागून जीव घाबरला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता. आयडिया सिद्ध!

त्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं. त्याचं पहिलं यंत्र एवढं मोठं होतं की ते घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभं करायचे आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडायचे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले. श्रीमंत बायका तर ही सफाई बघायला मैत्रिणींना चहाला बोलवायच्या.

मशीन हातात मावेल एवढं लहान केलं ते मात्र एका सफाई कामगाराने. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जायची. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं आणि ते त्याने हूव्हर यांना विकलं. नाव झालं हूव्हरचं. पण धुळीचा त्रास ज्याला होत होता, उपायही त्यानेच काढला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे व्हॅक्युम क्लीनर मध्यमवर्गीय घरांत ओळखीचा झाला तो दारोदार फिरणाऱ्या सेल्समनमुळे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचे टायवाले तरुण आठवत असतील, नाहीतर आईबाबांना विचारा. आमच्याकडेही एक सेल्समन आला होता. त्याने नळीच्या तोंडाशी पांढरं कापड लावलं, आजोबांच्या सोफ्यावरून फिरवलं आणि कापडावरचा काळा गोल आजीला दाखवला. बूथचाच रुमाल! आजी म्हणाली, "छान आहे हो," आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता माझं कडं का उमटलं ते सांगतो. पाणी कापडात पसरतं आणि जाताना आतला मळ सोबत नेतं. वाळायला लागलं की ते कडेला येऊन उडून जातं आणि मळ तिथेच राहतो. म्हणून सांडल्याबरोबर पांढऱ्या सुती कापडाने टिपा, घासू नका. कडेकडून मध्याकडे या. काहीही लावायच्या आधी मागच्या, न दिसणाऱ्या जागी थोडंसं लावून बघा. सीटच्या खाली लेबल असेल तर वाचा: 'डब्ल्यू' म्हणजे पाणी चालेल, 'एस' म्हणजे फक्त ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट, 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही, आणि 'एक्स' असेल तर फक्त व्हॅक्युम, ओलं काहीच नाही. तेलाच्या डागावर आधी कॉर्नफ्लोअर भुरभुरून ठेवा, मग व्हॅक्युम करा; फिक्या कापडावर मुलतानी मातीचाच रंग बसायचा. पावसाळ्यात सोफा ओला करू नका, नीट वाळला नाही तर बुरशी धरते. आणि आठवड्यातून एकदा व्हॅक्युम, कारण बारीक धूळ कापडाचे धागे आतून कापत राहते.

एवढं सगळं शिकून मी पुन्हा साताऱ्याला गेलो. चहाचं कडं बऱ्यापैकी गेलं. मग कॉर्नफ्लोअरचा डबा घेऊन डाव्या कोपऱ्याकडे वळलो.

"तेवढा राहू दे," आजी म्हणाली.

मी डबा खाली ठेवला. ती आत गेली, ट्रंकेतून तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल आणला आणि त्या डागावर नीट पसरला. लंडनच्या बायका तो रुमाल टाकायच्या, तेल सोफ्याला लागू नये म्हणून. आजीने टाकला, तेलाला कुणाचा हात लागू नये म्हणून.

तुमच्या घरातही असा एखादा डाग असेल, तर साफ करायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात.