रांगेतून थेट सेंटर कोर्टात

घोड्याने ओढायचा एक रोलर मोडला आणि त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते. विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा 1877 साली भरली ती या कारणाने. ती भरवणारा वर्पल रोडवरचा क्लब मूळचा क्रोकेवाल्यांचा. स्पर्धेसाठी 22 जणांनी नावं दिली. अंतिम सामन्याआधी खेळ मुद्दाम थांबवला गेला, कारण त्याच सुमारास लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेटचा सामना होता, आणि तो सोडून टेनिस बघायला कोण येणार? पुढे पावसाने आणखी खोळंबा केला. अखेर 19 जुलैला सुमारे दोनशे माणसं एकेक शिलिंग देऊन आत आली आणि त्यांनी स्पेन्सर गोरला जिंकताना पाहिलं. हा गोर स्वतः क्रिकेटवाला. चांगलं क्रिकेट खेळलेला माणूस या खेळात फार काळ रमायचा नाही, असं त्याचं मत होतं.

दोनशे प्रेक्षकांना रांग कशाला लागते? लोकांनी पहाटेपासून येऊन नंबर लावावा असं कुणीतरी कोर्टावर उतरावं लागतं. विम्बल्डनला ते 1919 साली मिळालं. फ्रान्सची वीस वर्षांची सुझान लेंग्लेन गवतावर प्रथमच मोठी स्पर्धा खेळत होती आणि तिच्यासमोर चाळिशीतल्या, सात वेळा विजेत्या ठरलेल्या डोरोथिआ लँबर्ट चेंबर्स होत्या. राजे पाचवे जॉर्ज बघायला हजर. लेंग्लेनने सामना 10-8, 4-6, 9-7 असा जिंकला, तोही दोन मॅच पॉइंट वाचवून. त्यानंतर तिच्या सामन्यांना अशी झुंबड उडू लागली की बाहेरच्या रांगेला पहिल्या महायुद्धातल्या एका लोकप्रिय गाण्यावरून, तिच्या नावाशी कोटी करून, टोपणनावही मिळालं. वर्पल रोडचं मैदान रेल्वेलाईनीला खेटून होतं, जेमतेम चार एकरांचं. गर्दी सामावणार तरी कुठे?

म्हणून 1922 साली क्लब चर्च रोडवर आला. तिथल्या सेंटर कोर्टात बसून आणि उभं राहून मिळून सुमारे 14 हजार माणसं मावत. एवढं मोठं बांधकाम करून क्लब रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळणार, असं म्हणणारेही होते. पहिल्या वर्षी स्पर्धेच्या एकूण एक दिवशी पाऊस पडला. खुर्च्या मात्र कमीच पडल्या, आणि दोन वर्षांत तिकिटांसाठी सोडत काढायची वेळ आली.

आत शिरायच्या वाटा पुढे शंभर वर्षं टिकल्या त्या याच काळातल्या. नव्या जागेचा पैसा उभा करायला क्लबने 1920 साली डिबेंचर काढले: क्लबला रक्कम द्यायची आणि ठरावीक वर्षं रोजची खुर्ची आपली. ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही, त्यांनी सोडतीत नशीब आजमावायचं. आणि ज्यांच्याकडे पैसा नाही, नशीबही नाही, त्यांनी सकाळी लवकर येऊन उभं राहायचं. ही तिसरी वाट कुणी ठरवून आखलेली दिसत नाही. ती लोकांनी पाडली आणि क्लबने बुजवली नाही. क्लबचं शहाणपण या न बुजवण्यातच आहे.

तीसच्या दशकात आत जाणाऱ्यांपैकी एकीचं मूळ मराठी मुलखात होतं, मात्र ती प्रेक्षक म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून गेली. मुंबईच्या लीला राव 1934 साली विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकल्या. तिथे एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत आणि संस्कृतात काव्य रचत. आजोबा शंकर पांडुरंग पंडित म्हणजे तुकारामांच्या गाथेचे संपादक. गाथेचं संपादन ते विम्बल्डनचं गवत हा प्रवास या घराने तीन पिढ्यांत केला. आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, हे जरा नवलच.

दुसऱ्या महायुद्धात क्लबच्या आवारात डुकरं आणि कोंबड्या पाळल्या गेल्या. ऑक्टोबर 1940 मध्ये सेंटर कोर्टावर बॉम्ब पडला आणि बाराशे खुर्च्यांची जागा गेली. 1946 साली स्पर्धा परत सुरू झाली तेव्हा तो भाग तसाच मोडका होता.

लवकर निघणाऱ्यांच्या खुर्च्या दुपारी मोकळ्या पडतात, त्या वाया का घालवा? 1954 पासून अशी तिकिटं परत घेऊन आवारातल्याच लोकांना थोड्या पैशांत पुन्हा विकली जातात आणि पैसे धर्मादाय कामाला जातात. म्हणजे सकाळी नुसत्या आवारप्रवेशावर आत आलेला माणूस संध्याकाळी सेंटर कोर्टात बसलेला असू शकतो. सेंटर कोर्टात उभं राहायची जागा मात्र पुढे गेली. 1989 साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाल्यावर इंग्लंडभर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि तिथेही खुर्च्या आल्या.

या रांगेचे दोन दिवस खास गाजले. पहिला 1991 चा. पावसाने पहिला आठवडा असा धुऊन काढला की त्या काळी सुट्टीचा असणारा मधला रविवार प्रथमच खेळायला घ्यावा लागला. त्या दिवसाची तिकिटं आधी विकलेलीच नव्हती. मग सेंटर कोर्ट दहा पौंडात, आधी येईल त्याला. मैलाच्यावर रांग लागली. गॅब्रिएला सबाटिनी पहिला सामना खेळायला आली तेव्हा एरवी हळूच टाळी वाजवणाऱ्या त्या जागी फुटबॉलच्या मैदानासारखा जल्लोष झाला, प्रेक्षकांनी उठून लाटा केल्या.

दुसरा दिवस 9 जुलै 2001, सोमवार. पुन्हा पाऊसच, आणि पुरुषांचा अंतिम सामना रविवारवरून पुढे ढकललेला. एका बाजूला ऑस्ट्रेलियाचा पॅट राफ्टर. दुसरीकडे क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच: जागतिक क्रमवारीत 125 वा, वाइल्ड कार्डावर आलेला, याआधी तीनदा अंतिम सामना हरलेला. दहा हजारांच्या आसपास तिकिटं रांगेत विकली गेली. लंडनमध्ये राहणारे नि प्रवासाला आलेले ऑस्ट्रेलियन हिरव्या-पिवळ्या कपड्यांत, क्रोएशियन लाल-पांढऱ्या चौकड्यांत. पाचवा सेट 9-7 ने इव्हानिसेविचने घेतला. आधी ठरवून तिकीट काढणाऱ्यांच्या वाट्याला असा अंतिम सामना क्वचितच येतो, आणि तो नेमका पावसाने बेशिस्त केलेल्या दिवशी आला.

परदेशातून येणाऱ्याला ही रांग सोयीची, कारण सोडतीत नाव निघालं तरी दिवस आणि कोर्ट क्लब ठरवतो, विमानाचं तिकीट काही त्याप्रमाणे बदलत नाही. पूर्वी लोक चर्च रोड आणि सॉमरसेट रोडच्या फुटपाथवर रात्र काढत. 2008 पासून रांग विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर आली. भुयारी रेल्वेने साउथफील्ड्सला उतरून चालत जायचं, रांगेचं शेवटचं टोक गाठायचं आणि तारीख-क्रमांक छापलेलं कार्ड घ्यायचं. हे कार्ड दुसऱ्याला देता येत नाही. एका माणसाने दहा जणांसाठी जागा धरायची सोय नाही. तंबू दोघांपुरताच. थोडा वेळ बाहेर जाऊन यायला अर्ध्या तासाची मुभा. पहाटे कारभारी तंबू उठवायला लावतात, सामान ठेवायला देतात, आणि पहिल्या काही शेकड्यांना मनगटावर पट्टे बांधतात. सेंटर कोर्टासाठी रोज सुमारे 500 तिकिटं रांगेत मिळतात, शेवटचे चार दिवस सोडून. एवढे नियम वाचून वाटेल की रांग क्लबनेच शोधून काढली.

ही वाट समतेची आहे असं इंग्रज अभिमानाने सांगतात. ते अर्धंच खरं. रात्रभर ओल्या गवतावर पडून राहायला रजा लागते, धडधाकट पाठ लागते. तरी पलीकडचा आकडा बघितला की रांगेची किंमत कळते: 2026 ते 2030 या पाच वर्षांसाठी सेंटर कोर्टाचा एक डिबेंचर 1 लाख 16 हजार पौंडाला निघाला.

रांगेच्या शेजारची जमीन आता वादात आहे. पार्कला लागून असलेल्या गोल्फ कोर्सवर स्पर्धेच्या दिवसांत गाड्या उभ्या असायच्या. क्लबने 2018 साली त्या जागेचा भाडेपट्टा 6 कोटी 50 लाख पौंडांना घेतला. तिथे 39 नवी कोर्टं बांधायचं ठरलं आहे, त्यांतलंच एक आठ हजार खुर्च्यांचं स्टेडियम. लंडनच्या महापौर कार्यालयाने सप्टेंबर 2024 मध्ये परवानगी दिली आणि मोकळी जागा वाचवू पाहणारे स्थानिक रहिवासी तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले.