आयरिश घराण्यांची जुनी दप्तरे

आयर्लंडात एखाद्या घराण्याची वंशावळ शोधू लागलं, की पहिल्यांदा आडवी येते ती ३० जून १९२२ ही तारीख. त्या दिवशी यादवीच्या लढाईत डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आवारात मोठा स्फोट झाला आणि तिथला सरकारी दप्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्यांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ नि १८७१ चे तर सरकारनं आधीच नष्ट केले होते. तेव्हा सगळा दोष आगीच्या माथी मारता येत नाही!

मग लग्नं कुठं शोधायची? कॅथलिकेतर विवाह १८४५ पासून सरकारदप्तरी नोंदले जाऊ लागले, कॅथलिकांचे १८६४ पासून. या नोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावं असतात. म्हणजे एका कागदात दोन्ही घरांची मागची पिढी हाती लागते. त्याआधीचं पाहायचं तर चर्चची वही उघडायची. कॅथलिकांच्या वह्या गावोगावच राहिल्या, म्हणून वाचल्या.

आता आणखी एक गंमत पाहा. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागलं. पण वयाचा पुरावा आणायचा कुठून? जन्मनोंदी तर १८६४ पासूनच्या. तेव्हा म्हातारी माणसं १८४१ नि १८५१ च्या शिरगणतीत आपलं नाव शोधून मिळावं म्हणून अर्ज करीत. अर्जात आईबापांची नावं नि गाव लिहीत, आणि कारकून सापडलेला मजकूर त्यावर टिपून ठेवी. मूळ कागद जळाले. यातले पुष्कळ अर्ज मात्र मागे उरले. एखाद्या घरातली १८५१ सालची माणसं आज नावानिशी भेटतात, ती कुणा आजीनं पेन्शनसाठी केलेल्या अर्जात.