पाझराचं गणित

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. वर्ष 46, दान पोढीचं आणि मंडपाचं. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. असं टाकं पाणी धरतं, कारण तिथल्या दगडातल्या फटी एकमेकींना जोडत बाहेर पोचत नाहीत. त्याच दख्खनी बेसाल्टात आंबेगावातली विहीर पाझरते, कारण तिथे त्या पोचतात.

या पोचण्या-न पोचण्याला गणित मिळालं ते गॅस मास्कमुळे. ब्रिटनमध्ये कोळशावर संशोधन करणाऱ्या सायमन ब्रॉडबेंट यांना मास्कमधल्या सच्छिद्र कोळशात वायू कुठवर शिरतो, हे जाणून घ्यायचं होतं. 1954च्या एका परिसंवादात त्यांनी हा प्रश्न काढला, गणिती जॉन हॅमर्सली यांनी तो उचलला आणि 1957 मध्ये दोघांचा निबंध आला. जाळीतलं प्रत्येक घर उघडं की बंद, हे दैवावर सोडायचं आणि पाणी आरपार जातं का ते पाहायचं. उघडी घरं वाढवत नेली तरी बराच वेळ काहीच घडत नाही. मग एका ठरावीक प्रमाणाला वाट एकाएकी सलग होते. सपाट चौकोनी जाळीत हे प्रमाण सुमारे 59 टक्के, घनाकृती जाळीत अवघं 31! वरखाली वळसा घालायला जागा मिळाली की पाण्याचं काम इतकं सोपं होतं. मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

बेसाल्ट घडवणारा लाव्हा मात्र असा दैवावर साचत नाही. खाली काळा पाषाण, वर मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा दगड, मध्येच गेरूसारखा लाल पट्टा; आडवी वाट मोकळी, उभी वाट भेगांपुरती. म्हणून कोणत्या दगडाशेजारी कोणता दगड येण्याची शक्यता किती, हे उभ्या-आडव्या दिशांना वेगवेगळं मोजावं लागतं. स्टीव्हन कार्ल आणि ग्रॅहम फॉग यांनी 1996 मध्ये ही रीत मांडली. त्या शक्यतांवरून संगणक भूगर्भाची अनेक संभाव्य चित्रं रचतो आणि वाट किती चित्रांत सलग निघते ते मोजतो.

जुन्नर-आंबेगावच्या कुकडी-घोड खोऱ्यात या शक्यता मोजायला सर्वांत मोलाची नोंद विहिरीच्या उघड्या भिंतीवर असते: मांजऱ्या किती फुटांवर लागला, झरा कोणत्या सांध्यातून फुटला. बोअरमधून वर येतो तो भुगा. त्यात दगड ओळखू येतो, सांधा हरवतो. नव्या विहिरीचा काटछेद बांधकाम चढण्याआधीच उतरवून घ्यायला हवा.