इशारा पोहोचला होता

वर्गाच्या भिंतीवर नकाशा असेल तर बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक पाहावे. समुद्र तिथे नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, शिवाय उथळही आहे. दक्षिणेकडून येणारे चक्रीवादळ या नरसाळ्यात पाणी ढकलते. पसरायला जागा नसल्याने ते किनाऱ्यावर चढते. मोठ्या वादळात माणसे मरतात ती बहुतेक वाऱ्याने नव्हे, या पाण्याने.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, हे पाणी नेमके भरतीच्या वेळी आले. भोला बेट आणि आसपासच्या गाळाच्या सपाट बेटांवर निदान ३ लाख माणसे गेली. काही अंदाज ५ लाखांपर्यंत जातात. नंतर पाहणीसाठी गेलेल्या डॉक्टरांना वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला एकसारखे खरचटलेले आढळले. झाडाच्या खोडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातांत तेवढे बळ नव्हते.

ही घटना आम्ही निवडली ती दोन आकड्यांसाठी. वादळ येणार हे सुमारे ९० टक्के लोकांना आधी कळले होते, असे पुढे पाहणीत दिसले. पक्क्या आसऱ्याला गेले जेमतेम १ टक्का. उपग्रहाने वादळ टिपले होते, रेडिओने इशारा दिला होता. पण ऐकणाऱ्याने जायचे कुठे? आणि गोठ्यातली गाय कोणाच्या भरवशावर सोडायची? ही कामे हवामानखात्याची नव्हेत, राज्यकर्त्यांची. ते तर दूर इस्लामाबादेत होते आणि मदतही रेंगाळत आली. डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला मिळाल्या. त्याला कारणे अनेक, पण या वादळाचा रागही त्यात होता.

स्वतंत्र बांगलादेशाने लगेच रेडक्रॉसबरोबर गावोगावी स्वयंसेवक उभे केले. कर्णा घेऊन दारोदार सांगत जाणारा माणस गावचाच असे. जनावरांसाठी मातीचे उंच चौथरे रचले. बंगालीतही त्यांना ‘किल्ला’च म्हणतात.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. लोकांनी निवडलेले सरकार तेव्हा जेमतेम महिनाभराचे होते, आणि निवारे गरजेच्या मानाने फारच थोडे. मृतांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. परक्या पुरुषांच्या गर्दीत दाटीवाटीने रात्र काढायला अनेकजणी कचरल्या होत्या. पुढच्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, स्वयंसेवकांतही स्त्रिया वाढल्या. २००७ च्या ‘सिडर’मध्ये सुमारे ३,४०० बळी गेले. २०२० च्या ‘अम्फान’पूर्वी २० लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि बांगलादेशातील बळींची संख्या काही डझनांवर राहिली.

ही सगळी घट सरकारच्या नावे जमा करू नये. दोन वादळे सारखी नसतात. भरतीची वेळ बदलते, आणि सिडरचा बराच मारा सुंदरबनाच्या जंगलाने अंगावर घेतला. पण माणसांना आधी हलवणे, हे काही जंगल करत नाही.

यांतले बरेच निवारे एरवी प्राथमिक शाळा असतात. खाली उंच खांब, वर वर्ग. काही नव्या इमारतींना जनावरे वर नेण्यासाठी उतारही बांधलेला आहे.